आलेस्सांद्री पाल्मा, आर्तुरो

आलेस्सांद्री पाल्मा, आर्तुरो : (२० डिसेंबर १८६८–२४ ऑगस्ट १९५०). चिलीचा वकील, संसदपटू व दोनदा राष्ट्राध्यक्ष (१९२०–२५, मध्ये खंड, १९३२–३८). त्याचा जन्म लिनारेस प्रांतातील लोंगावी येथे झाला. आजोबा इटलीहून आलेले. चिली विद्यापीठातून १८९३ मध्ये तो वकील झाला. पदवीसाठीचा त्याचा प्रबंध कामगारांच्या घरांविषयी होता. त्याच्या पुढील राजकारणाचे मूळ काही चरित्रकार या प्रबंधात शोधतात. तथापि नंतरची वीसएक वर्षे तो इतर उदारमतवादी पुढाऱ्यांसारखाच वागला, असे दिसते.

१८९१ च्या यादवीत राष्ट्राध्यक्ष बाल्मासेदाचा पाडाव झाल्यावर मंत्रिमंडळे संसदेच्या मर्जीवर चालू लागली. विद्यार्थिदशेत आलेस्सांद्री बाल्मासेदाच्या विरोधकांत होता. १८९७ मध्ये तो कुरिकोतून कनिष्ठ सभागृहात निवडून आला आणि पुढल्याच वर्षी मंत्री झाला. सोऱ्याच्या खाणींच्या तारापाका प्रांतातून १९१५ मध्ये त्याने तेथील बलाढ्य पुढारी आर्तुरो देल रिओ याला हरवून सिनेटची जागा जिंकली. ‘तारापाकाचा सिंह’ हे बिरुद तेव्हाचे.

१९२० ची अध्यक्षीय निवडणूक अप्रत्यक्ष होती : लोक निर्वाचक निवडीत व निर्वाचक राष्ट्राध्यक्ष निवडीत. लुइस बारोस बोर्गोन्यो हा प्रतिस्पर्धी लोकांच्या मतांत किंचित पुढे होता, असे सामान्यतः मानले जाते. निर्वाचकांच्या संख्येवरून तंटा लागला. दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या सन्मान-लवादाने १७७ विरुद्ध १७६ असा कौल आलेस्सांद्रीला दिला. मात्र त्याची कामगार विधेयके सिनेटने अडवून धरली. सप्टेंबर १९२४ मध्ये संसद स्वतःच्या सदस्यांच्या मानधनाची चर्चा करीत असताना तरुण लष्करी अधिकारी सिनेटच्या सज्जात येऊन बसले आणि युद्धमंत्र्याने बाहेर जाण्यास सांगताच तलवारींचा खणखणाट करीत निघाले. ८ सप्टेंबरला रखडलेले कायदे काही तासांत संमत झाले. कामगारांच्या सक्तीच्या विम्याचा ४०५४ क्रमांकाचा कायदा त्यांपैकीच. आलेस्सांद्रीने राजीनामा दिला. संसदेने तो न स्वीकारता सहा महिन्यांची रजा दिली व तो इटलीला गेला. जानेवारी १९२५ मधील दुसऱ्या उठावानंतर त्याला परत बोलावण्यात आले.

१९२५ च्या संविधानाचे जनकत्व हा अभ्यासकांतील मुख्य वाद आहे. जुन्या मतानुसार ते आलेस्सांद्रीचे व त्याचा न्यायमंत्री होसे मासा याचे कर्तृत्व. संविधान सभेचे आश्वासन असताना मसुदा मात्र अध्यक्षाच्याच अध्यक्षतेखालील छोट्या उपसमितीत तयार झाला, यावर नंतरच्या संशोधकांनी बोट ठेवले. त्याच मार्चमध्ये कामगार व बुद्धिजीवींनी आपली स्वतंत्र संविधान सभा भरविली होती; तिच्या ठरावांची दखल घेतली गेली नाही. तिसरे मत लष्कराला महत्त्व देते : जुलैमध्ये संविधानविषयक मोठ्या समितीत रॅडिकल, हुजूर (परंपरावादी) व साम्यवादी पक्षांचे सदस्य संसदीय पद्धतीसाठी अडून बसले असता सेनापती मारियानो नावार्रेते याने भाषणात अध्यक्षीय पद्धतीचा आग्रह धरला आणि विरोध ओसरला. उपलब्ध पुराव्यावरून हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मसुद्याची भाषा आलेस्सांद्रीची असली, तरी तो संमत झाला लष्कराच्या धाकाने. ३० ऑगस्टच्या सार्वमतात सरकारी मसुद्यासाठी लाल, संसदीय अधिकार राखणाऱ्या पर्यायासाठी निळी आणि दोन्ही नाकारणाऱ्यांसाठी पांढरी मतपत्रिका होती. लाल मतपत्रिका प्रचंड बहुमताने जिंकली. परंतु निम्म्याहून अधिक नोंदणीकृत मतदार मतदानालाच गेले नाहीत. या संविधानाने चर्च व राज्य विभक्त केले. त्याच वर्षी अमेरिकन अर्थतज्ज्ञ केमेरर याच्या शिष्टमंडळाच्या सल्ल्याने मध्यवर्ती बँक स्थापन झाली. युद्धमंत्री कार्लोस इबान्येसशी बिनसल्यावर १ ऑक्टोबरला आलेस्सांद्रीने पद सोडले व सूत्रे १९२० चा प्रतिस्पर्धी व आता गृहमंत्री असलेल्या बारोस बोर्गोन्योकडे दिली.

दुसऱ्या कारकीर्दीत अर्थमंत्री गुस्ताव्हो रॉसने मंदीने खचलेली अर्थव्यवस्था सावरली. १९३४ च्या कायद्याने स्त्रियांना नगरपालिका निवडणुकांत मताधिकार मिळाला. त्याच वर्षी रांकिल येथे शेतकऱ्यांचा उठाव रक्तपाताने मोडण्यात आला. ५ सप्टेंबर १९३८ रोजी नाझीवादी तरुणांचा उठाव फसला आणि राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाजवळील कामगार विम्याच्या इमारतीत सुमारे ६० जण मारले गेले. हुकूम कोणाचा, यावर एकमत नाही. शरण आलेल्यांना ठार केले, हे मात्र निर्विवाद आहे. या हत्याकांडाचा फटका रॉसच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीला बसला व पेद्रो आगिर्रे सेर्दा निवडून आला.

आलेस्सांद्री पुढे पुन्हा सिनेटवर गेला. १९४५ पासून तो सिनेटचा अध्यक्ष होता व त्याच पदावर असताना सांतियागो येथे निधन पावला. मुलगा होर्हे १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला.