शिक्षक-अपेक्षा परिणाम

शिक्षक-अपेक्षा परिणाम : विद्यार्थ्याच्या कुवतीविषयी शिक्षकाने बांधलेल्या समजुतीचा त्याच्या अध्यापनावर आणि त्यामार्फत विद्यार्थ्याच्या प्रगतीवर होणारा परिणाम. स्वतः घडवलेल्या मूर्तीवर जीव जडलेल्या आणि ती सजीव झालेली पाहणाऱ्या ग्रीक पुराणकथेतील शिल्पकारावरून यास ‘पिग्मॅलियन परिणाम’ असेही म्हणतात. मुळात चुकीचे असलेले भाकीत, लोक त्याप्रमाणे वागू लागल्यामुळे, अखेर खरे ठरते, ही कल्पना समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये मांडली होती. आपल्याकडे एखाद्या मुलावर ‘ढ’ हा शिक्का एकदा बसला की तो वर्षानुवर्षे पुसला जात नाही, यामागे बऱ्याच अंशी हीच प्रक्रिया असते.

या विषयाला प्रसिद्धी मिळाली ती रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांच्या १९६८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या प्रयोगामुळे. कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत मुलांची बुद्धिचाचणी घेण्यात आली आणि सुमारे २० टक्के मुले येत्या वर्षात मोठी बौद्धिक झेप घेतील, असे शिक्षकांना सांगण्यात आले. ही नावे प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कोणताही निकष न लावता निवडलेली होती. वर्षाअखेरीस या मुलांच्या बुद्ध्यंकात सरासरी १२.२, तर इतरांच्या बुद्ध्यंकात ८.४ गुणांची वाढ दिसली. पहिलीच्या वर्गात हे आकडे अनुक्रमे २७.४ आणि १२ होते. तिसरीपासून पुढे मात्र फरक जवळजवळ उरला नाही. लहान मुलांसाठी वापरलेली चाचणीच भरवशाची नव्हती, असा आक्षेप रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी लगेच घेतला आणि तो वजनदार होता. पुढे अनेकांनी प्रयोग करून पाहिले, त्यांतील काहींना परिणाम आढळला, काहींना नाही.

ही विसंगती स्टीफन रॉडनबुश यांनी १९८४ मध्ये अशा १८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करून बरीचशी उलगडली. खोटी माहिती मिळण्यापूर्वी शिक्षक मुलांना जितका अधिक काळ ओळखत होते, तितका परिणाम क्षीण होता. दोन आठवड्यांहून अधिक ओळख असेल तर तो जवळपास नाहीसा होत होता. प्रत्यक्ष परिचय नसतो तेथे ऐकीव शिक्क्याचे वजन वाढते, हे या क्षेत्रातील सर्वांत मोलाचे निरीक्षण मानावे लागेल.

समजूत मुलापर्यंत पोहोचते ती शिक्षकाच्या साध्या, बहुधा नकळत होणाऱ्या कृतींतून. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ज्यांच्याकडून उत्तराची आशा नाही त्यांच्यासाठी त्याहूनही कमी, असे मेरी बड रो यांना आढळले. चुकलेल्या ‘हुशार’ मुलाला उत्तराचा सुगावा देऊन पुन्हा संधी मिळते, तर ‘कच्च्या’ मुलाचा प्रश्न दुसऱ्याकडे जातो. असे भेद जेरे ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी १९७० च्या सुमारास वर्गांत बसून नोंदवले. १९७० मध्ये रे रिस्ट यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील बालवर्गात शिक्षिकेने शाळा सुरू झाल्यावर आठव्याच दिवशी कपडे, बोलण्याची ढब आणि घरची परिस्थिती यांवरून मुलांना तीन टेबलांवर वाटून बसवले होते. दुसरीत गेल्यावरही ही विभागणी बहुतांशी तशीच होती. शिक्षिकेपासून दूरच्या टेबलावरच्या मुलांच्या वाट्याला आलेले कमी अध्यापन नंतर त्यांचीच कमतरता म्हणून मोजले गेले, आणि हे विशेष क्लेशदायक आहे.

तथापि परिणामाची व्याप्ती अतिशयोक्तीने सांगितली जाते. ली जसिम आणि केंट हार्बर यांनी २००५ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार शिक्षकांचे अंदाज बहुतेकदा मुलांच्या आधीच्या कामगिरीवर आधारलेले व बरेचसे अचूक असतात आणि अपेक्षांचा स्वतंत्र परिणाम सर्वसाधारणपणे लहान असतो. परंतु समाजाने आधीच कमी लेखलेल्या गटांतील मुलांवर तो अधिक तीव्र असू शकतो. भारतापुरता याचा एक पुरावा रेमा हॅना आणि ली लिंडन यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिळतो. त्यांनी उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठांवर वय, लिंग आणि जात यांची माहिती यदृच्छेने लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. ‘खालच्या’ जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना ०.०३ ते ०.०८ प्रमाण विचलनाइतके (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप) कमी गुण मिळाले, आणि हा भेदभाव गठ्ठ्यातील सुरुवातीच्या, म्हणजे एकूण उत्तरांचा अंदाज येण्यापूर्वी तपासलेल्या उत्तरपत्रिकांत अधिक होता.