फोनचे नेट टॅबला देताना

टॅबलेट घेताना बरेच जण सिमकार्डाचे मॉडेल सोडून फक्त वायफायचे घेतात, आणि घरात स्मार्टफोन असेल तर ते योग्यच आहे. किंमत कमी पडते, दुसरा रिचार्ज मारावा लागत नाही, बाहेर गेल्यावर फोनच्या हॉटस्पॉटवर काम भागते. तक्रारी सुरू होतात त्या वापरायला लागल्यावर. दुपारीच दिवसाचा डेटा संपतो, फोन तापतो, टॅबवर वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या असूनही साधे पान उघडत नाही. या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हॉटस्पॉट चालू असताना रेडिओचे दोन वेगळे दुवे काम करत असतात, एक टॅब ते फोन आणि दुसरा फोन ते टॉवर. टॅबला त्यातला पहिलाच दिसतो.

टॅब जोडला गेला की फोन त्याला स्वतःच्या छोट्याशा जाळ्यातला एक पत्ता देतो. आयफोनच्या हॉटस्पॉटवर हा पत्ता १७२.२०.१०.२ किंवा त्याच्या पुढचा असतो. जुन्या अँड्रॉइड फोनवर तो १९२.१६८.४३ ने सुरू होतो, नव्या अँड्रॉइडमध्ये बदलता असतो. हे पत्ते घरगुती वापराचे आहेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. म्हणून टॅबकडून निघालेल्या प्रत्येक पॅकेटवरचा (डेटाच्या छोट्या पुडक्यावरचा) पत्ता पुसून फोन तिथे स्वतःचा पत्ता घालतो, आणि कोणते पॅकेट कोणाचे याची नोंद एका तक्त्यात ठेवतो. उत्तर आले की तक्ता पाहून ते टॅबकडे वळवतो. मोठ्या सोसायटीत सगळे टपाल गेटवर येते आणि वॉचमन फ्लॅट नंबर बघून ते पोचवतो, तसेच हे. घरचा वायफाय राउटरही हेच करतो. फरक इतकाच की राउटर भिंतीवरच्या विजेवर चालतो आणि फोन बॅटरीवर.

सुरू करायला अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘हॉटस्पॉट अँड टेदरिंग’, त्यात ‘वायफाय हॉटस्पॉट’. कंपनीगणिक ही नावे थोडी बदलतात, तेव्हा सेटिंग्जच्या सर्चमध्ये ‘हॉटस्पॉट’ लिहिणे सोपे. आयफोनवर ‘पर्सनल हॉटस्पॉट’ उघडून ‘अलाउ अदर्स टू जॉइन’ चालू करायचे आणि टॅब जोडला जाईपर्यंत तो पडदा उघडाच ठेवायचा. पासवर्ड निदान ८ अक्षरांचा लागतो, पण १२ च्या पुढे ठेवा. पासवर्डाशिवायचा हॉटस्पॉट कधीही चालवू नका, कारण त्यावरून कोणी काहीही केले तरी सिम तुमच्या नावावर आहे.

यादीत हॉटस्पॉटचे नावच दिसत नसेल, तर बहुधा फोन वायफायच्या दोन बँडांपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) ५ गिगाहर्ट्झवर प्रक्षेपण करतो आहे आणि टॅब फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतो. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमधला बँड २.४ वर आणा. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या मॉडेलवर ‘मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी’ चालू करा. नाव दिसते, पासवर्डही बरोबर आहे, तरीही टॅब जोडला जात नाही, असे असेल तर सुरक्षेचा प्रकार पाहा. डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला हॉटस्पॉट जुन्या टॅबना झेपत नाही, डब्ल्यूपीए२ निवडला की काम होते. टॅब दोन्ही बँड ओळखत असेल तर मात्र ५ गिगाहर्ट्झच ठेवावा. त्याचा पल्ला कमी, भिंतीपलीकडे तो लवकर मंदावतो, पण एकाच खोलीत वेग जास्त मिळतो आणि शेजारपाजारच्या राउटरांची गर्दीही तिथे कमी असते.

आता सगळ्यात जास्त छळणारी तक्रार: टॅब जोडला गेला, कांड्या पूर्ण, नेट मात्र नाही. त्या कांड्या टॅब आणि फोन यांच्यामधल्या हातभर अंतराच्या आहेत. टॉवरपर्यंत काय चालले आहे ते त्या सांगू शकत नाहीत. म्हणून टॅबशी झटापट करण्याआधी फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर फोनमध्येच एखादे नवे पान उघडून पाहा. तिथेही उघडले नाही, तर दोष रेंजचा किंवा रिचार्जचा आहे. फोनवर उघडते आणि टॅबवर नाही, तर फोनचा डेटा सेव्हर बंद आहे ना ते बघा, कारण तो चालू असताना बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हॉटस्पॉट चालत नाही. त्यानंतर संशय एपीएनवर, म्हणजे फोनला मोबाइल कंपनीच्या नेटशी जोडणाऱ्या सेटिंगवर घ्यायचा. आयफोनमध्ये हॉटस्पॉटसाठी एपीएनचा वेगळा रकाना असतो, आणि अँड्रॉइडमध्ये एपीएनच्या प्रकारात ‘डन’ (dun) हा शब्द लागू शकतो. हाताने काही भरण्याआधी एपीएन मूळ स्थितीवर आणून पाहावे, बहुतेकदा तेवढ्याने भागते. आणखी एक कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बरेच दिवस बंद पडून राहिलेल्या टॅबचे घड्याळ मागे गेलेले असते. तारीख चुकीची असली की वेबसाइटचे सुरक्षा प्रमाणपत्र टॅबला मुदतीबाहेरचे वाटते आणि तो पान उघडायला नकार देतो. तारीख दुरुस्त केली की नेट ‘आपोआप’ सुरू होते.

दोन सिमच्या फोनवर अजून एक गंमत होते. डेटा एका सिमवर चालू असताना दुसऱ्या सिमवर फोन आला, तर कित्येक मॉडेलमध्ये बोलणे संपेपर्यंत पहिल्या सिमचा डेटा थांबतो. ऑनलाइन तास मधूनच पाच मिनिटे अडकतो तो यामुळे. कॉलच्या वेळी डेटा दुसऱ्या सिमवर वळवण्याची सोय बऱ्याच फोनमध्ये आहे. मग त्या सिमवरही डेटाचा प्लॅन हवा.

फोन तापण्याचे कारणही दुसऱ्या दुव्यात आहे. फोर-जीवर फोन जास्तीत जास्त साधारण २०० मिलिवॅट ताकदीने प्रक्षेपण करतो. टॉवर जवळ असला तर त्याच्या छोट्याशा अंशात काम होते, रेंज पडली की फोन पूर्ण जोर लावतो. शिवाय कमजोर सिग्नलवर तितकाच डेटा पोचायला जास्त वेळ लागतो, म्हणजे जोरही जास्त आणि वेळही जास्त. अँड्रॉइडवर ‘अबाउट फोन’मधल्या सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा डीबीएम या ताकदीच्या एककात मिळतो; तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० ला रडतखडत, उणे १२० ला नेट तुटू लागते. दर १० डीबीला सिग्नल दहापट बदलतो, त्यामुळे टेबलावरून उचलून खिडकीत ठेवल्यावर आकडा १० ने सुधारला तर तो फरक प्रचंड आहे. घाटातल्या गावात किंवा काँक्रीटच्या इमारतीच्या आतल्या खोलीत हाच उपाय सगळ्यात कामाचा: फोन रेंज असेल तिथे ठेवा आणि टॅब घेऊन तुम्ही सोयीने बसा. टॅब ते फोन हे पाच-सात मीटरचे अंतर वायफायला सहज पेलते. लोक नेमके उलटे करतात, फोन टॅबला चिकटवून ठेवतात.

खिडकी निवडताना ऊन टाळा. ॲपल आपले फोन ० ते ३५ अंशांत वापरायला सांगते, आणि विदर्भात मे महिन्यात सावलीतही ४५ अंश होतात. त्यात हॉटस्पॉट आणि वर चार्जिंग चालू असेल, तर फोन स्वतःला वाचवण्यासाठी आधी चार्जिंग थांबवतो, मग वेग उतरवतो. कव्हर काढा, उशीखाली ठेवू नका.

डेटा इतक्या लवकर का संपतो, ते हिशेबाने बघू. सेकंदाला १ मेगाबिट या गतीने तासभर डेटा आला तर ४५० एमबी होतात (आठ बिटांचा एक बाइट). ४८० पी दर्जाचा व्हिडिओ साधारण एवढेच घेतो. मोठा पडदा आणि वायफाय पाहून ॲप टॅबवर एचडी निवडते. ते ५ मेगाबिट धरले तर तासाला २.२५ जीबी, म्हणजे दिवसाचा दीड जीबी ४० मिनिटांत खलास. त्यानंतर बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर उतरतो, सेकंदाला जेमतेम ८ केबी. ३ एमबीचा एक फोटो यायला सहा मिनिटांहून जास्त लागतात. व्हॉट्सॲपचे मजकूर येत राहतात आणि फोटो गोल फिरत बसतात, तेव्हा हॉटस्पॉट बिघडला असे वाटते. खरे तर कोटा संपलेला असतो.

टॅबला हे सगळे वायफाय वाटते, म्हणून तो वायफायसारखाच खर्च करतो. ॲप अपडेट होतात, फोटोंचा बॅकअप चढतो. यावर एक छान तोड आधीपासून आहे. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट पत्ता देतानाच ‘हे मोजून मिळणारे नेट आहे’ अशी खूण सोबत पाठवतो आणि दुसरे अँड्रॉइड यंत्र ती ओळखते. आयपॅडही आयफोनचा हॉटस्पॉट ओळखतो. फोन आणि टॅब वेगवेगळ्या घराण्यांतले असतील तर या खुणेवर विसंबू नये. आयपॅडवर त्या वायफायच्या नावाशेजारच्या ‘आय’वर टॅप करून ‘लो डेटा मोड’ चालू करा. अँड्रॉइड टॅबवर त्या जोडणीच्या तपशिलात ते नेटवर्क ‘मीटर्ड’ ठरवा. व्हिडिओचा दर्जा ॲपमध्ये जाऊन ४८० वर ठेवा.

नुसते मेल आणि निरोप पाहायचे असतील तर ब्लूटूथ टेदरिंग वापरून बघा. वेग फार तर एक-दोन मेगाबिट मिळतो, पण बॅटरी कमी खर्च होते. आधी फोन आणि टॅब पेअर करायचे, फोनवर ब्लूटूथ टेदरिंग चालू करायचे, मग टॅबवर त्या फोनच्या नावापुढच्या सेटिंगमध्ये इंटरनेटची परवानगी द्यायची. केबलने देणे लॅपटॉपला उत्तम. टॅबच्या बाबतीत कोणी कोणाला चार्ज करायचे इथपासून घोळ होतो, आणि नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

फोनवर व्हीपीएन (नेटची वाहतूक झाकून नेणारे ॲप) चालू असेल तर टॅबही त्याआड आहे असे समजू नका. हॉटस्पॉटवरची वाहतूक साधारणपणे फोनच्या व्हीपीएनमधून जात नाही. टॅबवर ते वेगळे टाकावे लागते.

डेटा नेमका कोणी खाल्ला हे शोधायला फोनवर गेलात तर वापराच्या यादीत ‘हॉटस्पॉट’ अशी एकच बेरीज दिसते, कारण फोन पॅकेटे वळवतो, त्यामागचे ॲप त्याला माहीत नसते. ॲपवार हिशेब अँड्रॉइड टॅबच्या वायफाय डेटा वापराच्या पानावर मिळतो.