पार्किंगच्या कॉलमपर्यंत पोचलेला भूकंपाचा इतिहास

नाशिकमध्ये गंगापूर रोड घ्या, इंदिरानगर घ्या नाहीतर पाथर्डी फाटा, निम्म्या बिल्डिंगांना खाली नुसतं पार्किंग आणि वर चार-सहा मजले फ्लॅट. भूकंपाच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक जागा नेमकी तीच, आणि हे कळायला इंजिनिअर लोकांना जवळपास ऐंशी वर्षं आणि बरेच भूकंप लागले.

सुरुवातीला विचार सरळ होता, बिल्डिंग दणकट करा. जपानमध्ये ताचू नाइतो या इंजिनिअरने काँक्रीटच्या शिअर वॉल, म्हणजे आडवा धक्का अंगावर घेणाऱ्या सलग भिंती, घातलेली बँकेची इमारत १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात टिकली. आपल्या बाजूला बलुचिस्तानात १९३१ ला मचचा भूकंप झाला, त्यानंतर एस. एल. कुमार या रेल्वेच्या इंजिनिअरने क्वेट्यात भूकंपाचा जोर हिशेबात धरून क्वार्टर्स बांधून घेतली, आणि १९३५ मध्ये अख्खं क्वेटा कोसळलं तेव्हा ही क्वार्टर्स उभी राहिली! मला हे फार मोठं काम वाटतं, कारण तेव्हा देशात कोड, म्हणजे भूकंपाला धरून बांधायची नियमावली, नव्हताच, आपला भूकंपाचा कोड आयएस १८९३ आला थेट १९६२ मध्ये.

पण नुसत्या दणकटपणाला मर्यादा असते. मोठ्या भूकंपात काहीच वाकू नये असं बांधायचं तर खर्च परवडत नाही. म्हणून १९७० च्या दशकात न्यूझीलंडच्या पार्क आणि पॉले या इंजिनिअरांनी वेगळी दिशा पक्की केली: बिल्डिंग वाकू दे पण कुठे वाकायचं ते आपण ठरवायचं, आधी बीम वाकावा, कॉलम शेवटपर्यंत टिकावा. यासाठी कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना बांधून ठेवणारी आडवी कडी, एकमेकींच्या जवळ हव्यात आणि त्यांचे हूक आत काँक्रीटमध्ये १३५ अंशात वळवलेले हवेत, काटकोनात वळवले तर कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा बाहेरचा थर, उडाल्यावर रिंग उघडते आणि मग सळया बाहेर फुगतात. हे काम साइटवरच्या फिटरच्या हातात असतं, त्यामुळे त्याला कोणी नीट समजावलं का हा प्रश्न मला ड्रॉइंगइतकाच महत्त्वाचा वाटतो.

तिकडेच न्यूझीलंडमध्ये बिल रॉबिन्सन यांनी रबर आणि स्टीलच्या थरांमध्ये शिशाचा गाभा घातलेलं बेअरिंग काढलं, ते पायाखाली बसवलं की जमीन हलते पण वरची इमारत सावकाश डोलते आणि बरीच ऊर्जा शिसं खाऊन टाकतं. १९९४ च्या नॉर्थरिजच्या भूकंपात असल्या बेअरिंगवरचं लॉस एंजेलिसचं एक हॉस्पिटल चालू राहिलं. भुजचं हॉस्पिटल २००१ च्या भूकंपात पडलं, ते नवीन बांधताना हीच बेअरिंग वापरली.

आपल्या महाराष्ट्राने मात्र धडे जवळून घेतले. दख्खन म्हणजे सेफ असं समजायचे, ते ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेने मोडलं. मग ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी, विसर्जन करून लोक झोपले होते आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर आलं, हजारो माणसं गेली. तो भाग तेव्हा नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. २००२ च्या कोडने झोन एक काढूनच टाकला, नाशिक त्यात झोन तीनमध्ये आहे. कळवण, पेठकडे छोटे धक्के बसले की दिंडोरी रोडच्या मेरी या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेतल्या नोंदी पेपरात येतात, ते यातलंच.

आणि पार्किंग? २६ जानेवारी २००१ ला भुजच्या त्याच भूकंपाचं केंद्र दोनशे किलोमीटरच्या वर लांब असूनही अहमदाबादेत कित्येक बिल्डिंगा पडल्या, त्यात खाली मोकळं पार्किंग असलेल्या खूप. वर विटांच्या भिंतींमुळे मजले ताठ, खाली नुसते कॉलम, सगळं वाकणं तिथेच गोळा होतं. म्हणून २००२ च्या कोडमध्ये अशा मजल्याचे कॉलम-बीम हिशेबाच्या अडीचपट जोरासाठी डिझाइन करा किंवा शिअर वॉल द्या असं आलं. आपल्याकडे त्याआधीच्या स्टिल्ट, म्हणजे खाली नुसते कॉलम असलेल्या, बिल्डिंगा भरपूर आहेत आणि त्यांच्यासाठी परदेशी बेअरिंग लागत नाहीत, कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून नव्या सळया-काँक्रीटचं वेष्टण, करता येतं, पार्किंगच्या काही गाळ्यांत दोन्ही दिशांना भिंती किंवा स्टीलचं ब्रेसिंग, म्हणजे तिरके आधार, घालता येतं, गाड्या दोन-चार कमी मावतील एवढंच.