सुवर्ण तबकडी : बीटल्सचे पुरस्कार व त्यांचा संग्रह

ध्वनिमुद्रिकेच्या विक्रीने ठरावीक टप्पा ओलांडल्यावर कलावंत, ध्वनिमुद्रण कंपनी व संबंधितांना देण्यात येणारी, सोनेरी तबकडी चौकटीत बसवलेली सन्मानवस्तू म्हणजे सुवर्ण तबकडी (गोल्ड रेकॉर्ड, गोल्ड डिस्क). अशा जुन्या तबकड्या जमवणे हा लोकप्रिय संगीताशी निगडित वस्तूंच्या संग्रहाचा एक स्वतंत्र विभाग बनला असून, त्यात इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या बीटल्स या रॉक चमूला मिळालेल्या अमेरिकी पुरस्कारांना अग्रस्थान दिले जाते. १९६४ ते १९७० या काळातील नगांना सर्वाधिक मागणी असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका (आरआयएए) या संघटनेच्या पुरस्कारांचा विचार केला आहे.

उगम. पहिली सुवर्ण तबकडी कोणती, याविषयी एकमत नाही. इटालियन गायक एन्रिको कारूझो याने गायलेल्या ‘व्हेस्ती ला जूब्बा’ या संगीतिकागीताचा दाखला काही संदर्भग्रंथ पहिली दशलक्षी ध्वनिमुद्रिका म्हणून देतात. तथापि कारूझोने हे गीत १९०२, १९०४ व १९०७ असे तीनदा ध्वनिमुद्रित केले होते आणि दशलक्षाचा आकडा या सर्वांची बेरीज असण्याचा संभव आहे. शिवाय विक्री होणे आणि त्या विक्रीबद्दल सोनेरी वस्तू बहाल होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; जुन्या ग्रंथांत त्यांची सरमिसळ झालेली दिसते. ब्रिटनमध्ये रीगल झोनोफोन कंपनीने डिसेंबर १९३७ मध्ये जॉर्ज फॉर्म्बी याला एक लाख प्रतींच्या विक्रीबद्दल रुपेरी तबकडी दिल्याची नोंद आढळते. धातूचा दर्जा आणि विक्रीचा टप्पा यांची सांगड घालण्याचे ते बहुधा सर्वांत जुने ज्ञात उदाहरण होय.

पहिल्या सोनेरी तबकडीचा मान सामान्यतः ग्लेन मिलर याच्या वाद्यवृंदाला दिला जातो. १० फेब्रुवारी १९४२ रोजी रेडिओवरील थेट कार्यक्रमात आरसीए व्हिक्टर कंपनीच्या प्रतिनिधीने ‘चॅटनूगा चू चू’ या गीताच्या बारा लाख प्रती खपल्याचे जाहीर करून मिलरला सोनेरी रोगण फवारलेली तबकडी भेट दिली. कंपनीच्या विक्री विभागाने योजलेला हा जाहिरातीचा प्रकार होता. आकडा कंपनीचा, तपासणीही कंपनीचीच. तबकडीवर सोने नव्हते, रोगण होते. पुढे १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली यालाही याच कंपनीने ‘डोन्ट बी क्रूएल’ साठी अशीच तबकडी दिली. अशा कंपनीदत्त वस्तूंना संग्राहक ‘इन-हाउस’ पुरस्कार म्हणतात. त्यांना सुवर्ण तबकडी म्हणावे की नाही, यावर मतभेद असले तरी प्रथेचा उगम १९४२ मध्ये आणि प्रमाणित पुरस्काराचा १९५८ मध्ये, असे दोन टप्पे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

आरआयएएची स्थापना १९५२ ची. तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणात स्वरपातळीचे सर्व कंपन्यांना समान असे मानक ठरवणे हे तिचे प्रारंभीचे तांत्रिक काम होते. आजही ध्वनितंत्रज्ञ ‘आरआयएए वक्र’ म्हणतात तो यातूनच आला. १९५८ मध्ये संघटनेने विक्रीचे लेखापरीक्षण करून सुवर्ण प्रमाणपत्र देण्यास आरंभ केला. १४ मार्च १९५८ रोजी पेरी कोमो याच्या ‘कॅच अ फॉलिंग स्टार’ ला पहिले, तर त्याच वर्षी जुलैमध्ये ‘ओक्लाहोमा!’ च्या चित्रपटसंगीताला अल्बमसाठीचे पहिले प्रमाणपत्र मिळाले. त्या वर्षी प्रमाणित झालेल्या सिंगलची (एका गाण्याची छोटी तबकडी) संख्या अवघी चार होती. कंपन्यांनी आजवर परस्पर वाटलेल्या ‘दशलक्षी’ तबकड्यांशी ताडून पाहता हा आकडा बोलका आहे.

निकष. सिंगलसाठी दहा लाख प्रती आणि अल्बमसाठी उत्पादकाच्या घाऊक भावाने दहा लाख डॉलरची विक्री, असे मूळ निकष होते. अल्बमचा निकष प्रतींचा नसून रकमेचा होता, ही बाब संग्राहकांच्या दृष्टीने कळीची आहे. भाव वाढत गेले तसतसा कमी प्रतींतच टप्पा गाठता येऊ लागला. म्हणून १९७५ पासून अल्बमला पाच लाख प्रतींची अटही घालण्यात आली. सुवर्णाहून वरचा प्लॅटिनम हा दर्जा १९७६ मध्ये आला. सिंगलची सुवर्णमर्यादा १९८९ मध्ये पाच लाखांवर आणली गेली.

प्रमाणपत्र आपोआप मिळत नसे. कंपनीने अर्ज करायचा, हिशेबाची पुस्तके खुली करायची आणि तपासणीचा खर्चही सोसायचा, अशी पद्धत होती. ज्यांना पुस्तके दाखवायची नव्हती ते या व्यवस्थेबाहेर राहिले. मोटाउन ही डेट्रॉइटची कंपनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बाहेर होती, त्यामुळे तिच्या साठच्या दशकातील गाजलेल्या गीतांना त्या काळचे आरआयएए सुवर्ण नाही.

बीटल्सची प्रमाणपत्रे. बीटल्सचे पहिले अमेरिकी सुवर्ण ३ फेब्रुवारी १९६४ चे. त्या दिवशी ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’ हे सिंगल आणि ‘मीट द बीटल्स!’ हा अल्बम, दोन्ही कॅपिटल रेकॉर्ड्सची प्रकाशने, प्रमाणित झाली. चमू न्यूयॉर्कला उतरला तो ७ फेब्रुवारीला, म्हणजे प्रमाणपत्र पाहुण्यांच्या आधी तयार होते. पुढील काही दिवसांतच प्लाझा हॉटेलात कॅपिटलचे अध्यक्ष ॲलन लिव्हिंग्स्टन यांनी चौघांना या तबकड्या दिल्या. ‘कान्ट बाय मी लव्ह’ १६ मार्च १९६४ रोजी प्रकाशित होऊन ३१ मार्चला प्रमाणित झाले. आगाऊ मागणीच वीस लाखांवर गेली होती. प्रमाणपत्र दुकानांना पाठवलेल्या मालाचे की ग्राहकाने घेतलेल्या प्रतींचे, हा प्रश्न अशा उदाहरणांत उपस्थित होतो. संघटनेचे परीक्षण मुख्यतः उत्पादकाच्या पुस्तकांवर आधारलेले असल्याने पहिला अर्थच अधिक ग्राह्य धरावा लागतो. १९७८ मध्ये ‘सार्जंट पेपर’ या बीटल्सच्या अल्बमच्या नावाने निघालेल्या चित्रपटाचा अल्बम (त्यात बीटल्स स्वतः नव्हते) प्रचंड संख्येने दुकानांत गेला आणि तितक्याच मोठ्या संख्येने परत आला. अमेरिकी ध्वनिमुद्रण व्यवसायात हे उदाहरण अजूनही दिले जाते.

या यादीतील रिकाम्या जागाही ध्यानात घ्याव्यात. कॅपिटलने सुरुवातीला नाकारलेली काही गीते अमेरिकेत व्ही-जे, टॉली, स्वान अशा लहान कंपन्यांनी काढली. ‘शी लव्ह्ज यू’ (स्वान) व ‘लव्ह मी डू’ (टॉली) ही दोन्ही १९६४ मध्ये अमेरिकी क्रमवारीत पहिल्या स्थानी गेली, पण त्या काळचे आरआयएए सुवर्ण त्यांच्या वाट्याला आले नाही. तेव्हा स्वानच्या नावाची, साठच्या दशकातील म्हणून दाखवली जाणारी आरआयएए तबकडी समोर आली, तर ती बनावट ठरवण्यासाठी चौकट उघडण्याचीही गरज नाही. साठच्या दशकातील म्हणवणाऱ्या प्लॅटिनम तबकडीचीही तीच गत. बीटल्स विभक्त झाल्यानंतर काही वर्षांनी तो दर्जा अस्तित्वात आला आणि त्यांच्या जुन्या अल्बमना तो प्रामुख्याने नव्वदच्या दशकात मिळाला.

बांधणीचे प्रकार. चौकटीच्या बांधणीवरून संग्राहकांनी कालखंड पाडले आहेत. नावे त्यांनीच रूढ केलेली, संघटनेची नव्हेत. वर्षेही स्थूलमानाने घ्यावीत, कारण जुना साठा संपेपर्यंत दोन प्रकार शेजारी शेजारी चालू राहत.

‘व्हाइट मॅट’ (सुमारे १९६४–७४) हा सर्वाधिक मोलाचा प्रकार. लाकडी चौकट, आत पांढुरक्या लिनन कापडाची पार्श्वभूमी, तीवर सोनेरी तबकडी आणि खाली कोरीव मजकुराची धातूची पट्टी. पट्टीवर पुरस्कार कोणाला दिला व कशासाठी, एवढेच असते. अल्बमच्या पट्टीवर ‘दहा लाख डॉलरहून अधिक’ विक्रीचा उल्लेख हवा, सिंगलच्या पट्टीवर ‘दहा लाखांहून अधिक प्रतीं’चा. व्हाइट मॅट बांधणीत अल्बमच्या पट्टीवर ‘पाच लाख प्रती’ असे शब्द असतील, तर पट्टी नंतरची किंवा संपूर्ण वस्तूच बनावट असण्याची शक्यता असते. मुखपृष्ठाची छोटी प्रतिकृती या प्रकारात साधारणपणे नसते. ती पुढील काळात दिसू लागते. अनेक नगांच्या पाठीवर न्यूयॉर्क फ्रेम अँड पिक्चर कंपनीचे लेबल आढळते.

या काळातील तबकडी बहुधा धातूची असून तिच्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो. कारखान्यात लॅकरच्या मूळ मुद्रिकेवरून विद्युत्‌लेपनाने धातूचे साचे काढतात, त्याच पद्धतीने ती घडवलेली असते. नंतरच्या काळात साध्या व्हायनिल तबकडीवर निर्वात कक्षात धातूचा लेप चढवण्याची स्वस्त पद्धत रूढ झाली. तबकडी नेमकी त्याच गीताची असेल असे मात्र नाही. हाताशी असेल ती घेऊन तिला हवे ते लेबल चिकटवण्याचा प्रघात होता. त्यामुळे लेबलवर एका बाजूची सहा गाणी आणि तबकडीवर पट्टे (प्रत्येक गाण्याच्या खोबणींचा वेगळा दिसणारा भाग) पाच, असे सर्रास दिसते. नवखे संग्राहक याला खोटेपणाचा पुरावा समजतात. प्रत्यक्षात पट्टे जुळत नाहीत म्हणून वस्तू खोटी ठरत नाही आणि जुळतात म्हणून खरी ठरत नाही.

‘फ्लोटर’ (सुमारे १९७५–८१) मध्ये तबकडी, मुखपृष्ठाची छोटी प्रतिकृती व पट्टी पारदर्शक ॲक्रिलिकवर बसवलेली असल्याने ती पार्श्वभूमीपासून अधांतरी भासतात. त्यानंतर थोडा काळ ‘स्ट्रिप प्लेट’ आणि सुमारे १९८५ पासून संघटनेचे चिन्ह होलोग्रामच्या रूपात असलेला प्रकार आला. होलोग्रामचा हेतू उघडच नकलांना आळा घालण्याचा होता.

बांधणी ही वस्तू कधी तयार झाली ते सांगते, गीत कधी प्रमाणित झाले ते नव्हे. कंपन्या जुन्या प्रमाणपत्रांवरून वर्षानुवर्षे नवे नग मागवत. त्यामुळे १९६९ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘ॲबी रोड’ या बीटल्सच्या अल्बमचा फ्लोटर अस्सल असू शकतो. तो सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कोणा अधिकाऱ्याला दिलेला असतो, इतकेच. विक्रेत्यांच्या वर्णनात ‘१९६९ चा पुरस्कार’ असे लिहिलेले असते तेव्हा हा फरक बहुतेक वेळा गाळलेला असतो.

मूल्य व पारख. भावात पट्टीवरील नावाला मोठे महत्त्व असते. ‘द बीटल्स’ यांना दिलेली तबकडी सर्वांत वरच्या मोलाची. त्याखाली निर्माते, प्रकाशक व कंपनीचे अधिकारी, आणि मग नभोवाणी केंद्रे व कार्यक्रम निवेदक. साठच्या दशकात वाटप मर्यादित होते, पुढे ते बरेच सैल झाले. चमूच्या नावाची पट्टी असली म्हणून ती तबकडी चौघांपैकी कोणाच्या घरी होती असे सिद्ध होत नाही. एकाच नावाने एकाहून अधिक नग निघत आणि त्यांतील काही कंपनीच्या कार्यालयातच लटकत. म्हणून मालकीची साखळी, म्हणजे पत्रे, जुनी छायाचित्रे, लिलावाची पावती, पाहिली जाते. छायाचित्राचा पुरावा सर्वांत भक्कम मानावा, कारण लिननवरील डाग आणि लाकडाच्या रेषा प्रत्येक नगाच्या वेगळ्या असतात.

संघटित बाजाराचा आरंभ सोदबीज या लिलावसंस्थेच्या लंडनमधील डिसेंबर १९८१ च्या लिलावापासून धरतात. बीटल्सपैकी जॉन लेनन याच्या हत्येला तेव्हा नुकतेच एक वर्ष झाले होते. १९७१ मध्ये लंडनला सुरू झालेल्या हार्ड रॉक कॅफेने उपाहारगृहांच्या भिंतींवर अशा वस्तू लावल्याने सुवर्ण तबकडी सर्वसामान्यांच्या परिचयाची झाली. भाव चढताच नकलाही आल्या. अतिशुभ्र कापड, संगणकावर जुळवलेल्या अक्षरांची पट्टी, जुन्या लाकडाला नवे खिळे ही त्यांची नेहमीची लक्षणे. खऱ्या व्हाइट मॅटचे कापड काळानुरूप पिवळट पडलेले असते आणि मागील लाकडातील आम्लाने ते काही ठिकाणी तपकिरीही होते. कापड बदलणे किंवा पाठीचा कागद फाडून नवा लावणे यामुळे वस्तू दिसायला उजळते, परंतु लेबल, जुने खिळे, कागदाचा रंग हा पुरावा नाहीसा होतो. जाणकार संग्राहक असा नग टाळतात. थेट उन्हापासून दूर ठेवणे आणि मुलाम्याला बोट न लावणे एवढीच निगा पुरेशी असते.

इतर देश. ब्रिटनमध्ये सरकारी अथवा औद्योगिक प्रमाणन १९७३ पर्यंत नव्हते. ‘डिस्क’ हे साप्ताहिक १९५९ पासून कंपन्यांनी कळवलेल्या आकड्यांवरून अडीच लाख प्रतींना रुपेरी व दहा लाखांना सोनेरी तबकडी देत असे. बीटल्सना ‘प्लीज प्लीज मी’ साठीची रुपेरी तबकडी एप्रिल १९६३ मध्ये, अमेरिकी सुवर्णाच्या दहा महिने आधी, मिळाली. या ब्रिटिश तबकड्या संख्येने कमी असल्या, तरी त्यांची बांधणी अमेरिकी पुरस्कारांइतकी काटेकोरपणे वर्गीकृत झालेली नाही. भारतात एचएमव्हीने दिलेल्या गोल्डन डिस्क कंपनीच्याच आकड्यांवर आधारलेल्या असल्याने त्या इन-हाउस वर्गात मोडतात. कोलकात्याजवळील डमडमच्या कारखान्यात निघालेल्या बीटल्सच्या भारतीय तबकड्यांचेही संग्राहक आहेत, मात्र तो ध्वनिमुद्रिकांचा संग्रह होय, पुरस्कारांचा नव्हे.