शेतजमीन घेताय? इसार देण्याआधी फेरफार वाचा

सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं नाव दिसलं की अनेक जण इसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) देऊन मोकळे होतात. पण सातबारा हा महसुली अभिलेख. जमीन त्याच्याकडे आली कशी, हे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, सांगतात.

आधी पात्रता. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते (कूळकायदा, कलम ६३). शेतकरी नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून स्वतःचा सातबारा किंवा ८अ (खातेउतारा) जवळ हवा. विकणाऱ्याची जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल, किंवा खातेदार आदिवासी असेल, तर परवानगीचा आदेश हातात पडेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. त्यात ‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचा: सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कूळ, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथेच असतं. खाली जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात. त्या प्रत्येकाची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून काढा.

माझ्या मामांनी २० गुंठे घ्यायचं ठरवलं होतं. सातबारा कोरा, बोजा नाही. वारसाच्या फेरफारात मात्र तिघा भावांचीच नावं होती, आणि गावात सगळ्यांना ठाऊक होतं की त्यांना दोन बहिणी आहेत. वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नव्हतं. मामा थांबले, दोघींना भेटले, त्यांचा मोबदला ठरला आणि खरेदीखतावर त्यांच्याही सह्या झाल्या. त्या फेरफाराची नक्कल काढली नसती तर पुढची कित्येक वर्षं दिवाणी कोर्टात गेली असती. म्हणून हा कागद टाळू नका, असं मी कळकळीने सांगतो.

यासोबत वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. दुय्यम निबंधकांकडच्या सूची २ (नोंदणी झालेल्या दस्तांची यादी) वरून आधीची खरेदीखतं आणि नोंदवलेली गहाणखतं कळतात. कोर्टात दावा चालू आहे का, तेही त्यांना बघायला सांगा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. विकणाऱ्याला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायला लावा, कारण कागदावरचे २० गुंठे बांधावर कधी १८च भरतात. गावनकाशात रस्ता आहे का, तेही पाहा.

खरेदीखत नोंदवल्यावर फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली की नवा सातबारा काढून नाव, गट नंबर आणि क्षेत्र खरेदीखताशी ताडून घ्या.