जखम भरते, वण का उरतो?

भाजी चिरताना सुरीचे टोक बोटाला ओझरते लागले, तर आठवड्याभरात त्या जागेचा मागमूस राहत नाही. मात्र लहानपणी गुडघ्याला झालेल्या खोल जखमेचा वण म्हातारपणापर्यंत सोबत करतो. हा फरक प्रामुख्याने खोलीचा आहे. शरीराच्या बहुतेक भागांवर जेमतेम दशांश मिलिमीटर जाड असलेली बाह्यत्वचा तळाच्या पेशींपासून सतत नव्याने तयार होत असते, त्यामुळे तिच्यापुरते मर्यादित असलेले खरचटणे ती पूर्ववत करते. जखम तिच्याखालच्या अंतस्त्वचेत खोलवर गेली, की शरीर निराळा मार्ग धरते. जे होते ते पुन्हा घडवण्याऐवजी ते भगदाड लवकरात लवकर बुजवते, आणि या घाईची किंमत म्हणजे वण.

पहिली काही मिनिटे रक्तस्राव थांबवण्यात जातात. रक्तवाहिन्या आकसतात, प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी धरतात आणि फायब्रिन या प्रथिनाचे जाळे ती गुठळी घट्ट करते. त्यानंतर काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडतात आणि दोन-तीन दिवसांत त्यांची जागा महाभक्षक पेशी घेतात. जखमेभोवतीची लाली, सूज आणि ठणका हे या धावपळीचेच परिणाम असतात. महाभक्षक पेशी मेलेल्या पेशींचा कचरा तर उचलतातच, पण पुढच्या दुरुस्तीसाठी लागणारे रासायनिक संकेतही त्याच सोडतात. म्हणून ही धावपळ, म्हणजेच दाह, पूर्णपणे दडपला, तर जखम भरायलाही उशीर होतो. मधुमेही रुग्णांच्या पायावरील जखमा महिनोन्‌महिने रेंगाळतात, त्यामागे कमी झालेला रक्तपुरवठा आणि बधिर झालेल्या नसा यांच्याबरोबरच याच टप्प्यावर अडकून पडलेला दाह हेही एक कारण असते.

त्यानंतर कडेच्या बाह्यत्वचेच्या पेशी जखमेवर सरकू लागतात. ‘उघडी ठेव, हवा लागली की सुकेल’ हा घरोघरी मिळणारा सल्ला इथे आड येतो. जॉर्ज विंटर या संशोधकाने 1962 मध्ये डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवले, की ओलसर राखलेल्या उथळ जखमेवर नवी बाह्यत्वचा उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पसरते, कारण कोरड्या खपलीखाली पेशींना ओलावा शोधत खोलातून वाट काढावी लागते. आजच्या अनेक ड्रेसिंगांचा पाया हा प्रयोग आहे. तो डुकरांवर केला जाणे स्वाभाविक होते. उंदराच्या सैल त्वचेखाली स्नायूचा पातळ थर असतो, त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. डुकराची घट्ट त्वचा मात्र माणसाच्या त्वचेच्या बरीच जवळची आहे. उंदरांवर यशस्वी ठरलेल्या मलमाची बातमी वाचताना हा भेद लक्षात ठेवलेला बरा.

दरम्यान, खाली लालभडक, दाणेदार मांसांकुर भरू लागतात. त्यांत नव्या केशवाहिन्या असतात आणि कोलॅजेन हे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन तयार करणाऱ्या तंतुजनक पेशीही असतात. यांपैकी काही पेशी स्नायूंप्रमाणे आकुंचन पावण्याची क्षमता मिळवतात आणि जखमेच्या कडा आत ओढतात. जूलिओ गाब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये या पेशींचे वर्णन केले. सांध्यावर भाजल्यानंतर त्वचा आखडून हातपाय वाकडे होतात, ते याच ओढीमुळे.

सुरुवातीला घाईने घातलेल्या कोलॅजेनच्या जागी पुढे अनेक महिने अधिक मजबूत प्रकारचे कोलॅजेन येत राहते. तरीही हिशेब तोट्याचाच राहतो. एका आठवड्यानंतर जखमेची ताण सहन करण्याची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे 3 टक्के असते, तीन आठवड्यांनी ती 20 ते 30 टक्क्यांवर येते आणि तीन महिन्यांनी फार तर 80 टक्के होऊन तिथेच थांबते. टाके काढले म्हणजे जखम पक्की झाली हा समज म्हणूनच चुकीचा आहे. टाके निघतात तेव्हा ती सर्वांत नाजूक अवस्थेतून नुकतीच बाहेर पडत असते.

वण वरून निर्जीव दिसला, तरी त्यातील कोलॅजेन कायम झिजत आणि नव्याने बनत असते, आणि ते पक्के होण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. 1740 मध्ये इंग्लंडहून निघालेल्या जॉर्ज ॲन्सन यांच्या आरमारी मोहिमेत स्कर्व्ही या क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने थैमान घातले, तेव्हा 1690 सालच्या आयर्लंडमधील बॉईनच्या लढाईत जखमी झालेल्या एका खलाशाच्या पन्नास वर्षे जुन्या जखमा पुन्हा उघडल्याची नोंद आहे.

निरोगी अंतस्त्वचेत कोलॅजेनचे तंतू टोपलीच्या विणीसारखे सर्व दिशांनी गुंफलेले असतात, तर वणात ते बरेचसे एकाच दिशेने दाटीवाटीने पडलेले असतात. शिवाय तिथे केसांची मुळे आणि घर्मग्रंथी पुन्हा उगवत नाहीत, म्हणून वण गुळगुळीत दिसतो आणि मोठ्या भाजलेल्या भागाला घाम येत नाही. हे अटळ आहे असे मात्र नाही. साधारण सहाव्या महिन्यापूर्वी गर्भाच्या त्वचेला झालेली जखम वणाशिवाय भरते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2021 मध्ये दाखवले, की त्वचेवरील ताणाचा संकेत तंतुजनक पेशींमधील एन्ग्रेल्ड-1 हे जनुक जागे करतो आणि त्या पेशी वण घडवू लागतात. डोळ्यांच्या विकारात वापरल्या जाणाऱ्या व्हर्टेपॉर्फिन या औषधाने तो संकेत अडवला, तेव्हा उंदरांच्या जखमा केस आणि ग्रंथींसह भरल्या. अर्थात, प्रयोग उंदरांवरचा होता.

ताणाचे महत्त्व शल्यचिकित्सकांना आधीच ठाऊक होते. कार्ल लांगर या ऑस्ट्रियन शरीररचनाशास्त्रज्ञाने 1861 मध्ये मृतदेहांच्या त्वचेला गोल आरीने टोचले असता भोके गोल न राहता लांबट झाली; त्यांच्या दिशा जोडून त्याने त्वचेतील ताणाचा नकाशा काढला. छेद त्वचेच्या स्वाभाविक ताणाच्या दिशेने घेतला तर वण बारीक राहतो. छाती आणि खांदा या सतत ओढल्या जाणाऱ्या जागी तो रुंदावतो किंवा उंचावतो.

उंचावलेला वण जखमेच्या हद्दीत राहतो आणि पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसतो. केलॉइड मात्र ती हद्द ओलांडून शेजारच्या निरोगी त्वचेत पसरतो, खाजतो, दुखतो आणि गडद वर्णाच्या लोकांमध्ये, म्हणजे आपल्याकडेही, तुलनेने अधिक आढळतो. कानाच्या पाळीवर ताण नसतो, तरी कान टोचल्यावर तिथे केलॉइड पुष्कळदा दिसतो; तेव्हा केवळ ताणाने सगळे उलगडत नाही आणि आनुवंशिकतेचाही त्यात वाटा आहे. केलॉइड नुसता कापून काढला, तर बहुधा पुन्हा येतो आणि कधी आधीपेक्षा मोठा होतो. म्हणून त्यात स्टिरॉइडची इंजेक्शने देतात, किंवा कापल्यानंतर लगेच किरणोपचार करतात. घरात कोणाला केलॉइड असेल, तर कान टोचण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी ते डॉक्टरांना सांगावे.

साध्या वणासाठी सिलिकॉनची पट्टी किंवा जेल आणि उन्हापासून बचाव एवढे उपाय सुरुवातीला पुरतात, कारण कोवळा वण उन्हाने काळवंडतो. दिसायला खटकणारा वण शस्त्रक्रियेने सुधारायचा असल्यास प्लास्टिक सर्जन बहुधा सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात; तोवर लाली ओसरते, कडकपणा कमी होतो, आणि बऱ्याच जणांना मग शस्त्रक्रियेची गरजच वाटत नाही.