माहुरझरीचं मौन आणि मठातलं मौन

केरळातल्या एका ख्रिस्ती मठात पाच दिवस राहायला चालले आहे, असं सांगितल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे चर्चवाली विपश्यनाच ना बाई? मंग एवढ्या दूर कायले जाऊन राहिली? माहुरझरी तर इथंच आहे."

हा प्रश्न नागपुरात पडणं अगदी साहजिक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे घडलं, त्यानंतर या शहरात बुद्धाची शिकवण घराघरात पोचली. कळमेश्वर रस्त्याकडच्या माहुरझरीला 'धम्म नाग' हे विपश्यना केंद्र आहे, आणि 'दहा दिवस करून आलो' म्हणणारं कुणी ना कुणी ओळखीत असतंच. मीही ते दहा दिवस केले आहेत. त्यामुळे मौन, पहाटेची घंटा, फोन बंद, साधं शाकाहारी जेवण असं वर्णन ऐकलं की आपण लगेच विपश्यनेच्या खणात ते ठेवून देतो. मीही तसंच ठेवलं होतं. मठात दुसऱ्या दिवशी कळलं, की खण चुकला.

आधी विपश्यना. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये म्यानमारहून भारतात आले आणि इथे शिबिरं घेऊ लागले. आज जगभर त्याच साच्यात ती चालतात. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यानाची पहिली बैठक, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि नव्यांना थोडं फळ, रात्री नऊला दिवस संपतो. मिळून दहा तासांच्या आसपास बसणं होतं. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा, नाकाशी, आहे तसा. चौथ्या दिवशी खरी विपश्यना शिकवतात: डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना तटस्थपणे पाहत जायचं. गुडघा ठणकला तरी तो ठणका उपजतो, टिकतो, विरतो एवढंच पाहायचं. तिथून पुढे दिवसातून तीनदा तासभर न हलता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणतात. वाचणं, लिहिणं बंद. आणि इथे बरेच जण अडखळतात, म्हणून स्पष्ट सांगते: तेवढ्या दिवसांसाठी जप, माळ, पूजा, प्रार्थना हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. गळ्यात क्रूस असो की हातात तुळशीची माळ, नियम एकच. पद्धतीत दुसरं काही मिसळू नये, हे त्यामागचं कारण.

आता मठ. वागमोनच्या डोंगरावरचा कुरिसुमला आश्रम १९५८ साली फ्रान्सिस माहियू या बेल्जियन मठवासींनी आणि बीड ग्रिफिथ्स या इंग्रज मठवासींनी सुरू केला. तिथले साधू भगवे घालतात, जमिनीवर बसून उपासना करतात, गायी पाळतात. मौन आहे, पण पहाटेपासून रात्रीपर्यंत पुन्हापुन्हा सगळे एकत्र जमतात आणि गातात! मी पहिल्या दिवशी चक्रावले. मौन म्हणवतात आणि इतकं गातात? माझ्या डोक्यात माहुरझरीचा ध्यानकक्ष होता.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनी मठांसाठी एक नियमावली लिहिली, सिस्टर्शियन या संघाचे मठ आजही तीच पाळतात, आणि कुरिसुमला त्यांतलाच एक. बायबलमधली दीडशे स्तोत्रं आठवड्याभरात म्हणून व्हावीत, असं त्यात सांगितलं आहे. जेवताना सगळे गप्प आणि एक जण मोठ्यानं वाचतो. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर कुणी बोलायचं नाही. आणि दाराशी आलेल्या पाहुण्याचं स्वागत साक्षात ख्रिस्त आल्यासारखं करायचं. मठात राहायला मिळतं ते याच परंपरेमुळे. तुम्ही कुठल्या अभ्यासक्रमाला बसत नाही, तुम्ही त्यांच्या रोजच्या जगण्यात पाहुणे असता. सगळ्या दिवसभराच्या बैठका तुमच्यासाठी आखलेल्या नसतात; मधला वेळ मोकळा, तो कसा भरायचा ते तुम्ही ठरवायचं.

तो भरण्याची जुनी रीत वाचनाची आहे. चार ओळी घ्यायच्या, हळू वाचायच्या, एखादा शब्द मनाला लागला की तिथेच थांबून तो घोळवायचा, त्यातून जे उमटेल ते देवाशी बोलायचं, आणि मग नुसतं त्याच्यासमोर गप्प बसायचं. वाचन, मनन, प्रार्थना, निःशब्द सान्निध्य अशा या चार पायऱ्या बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठवासीनं मांडल्या. माहुरझरीला जे पुस्तक कपाटात ठेवायला लावतात, ते इथे दिवसभर मांडीवर असतं.

मी मात्र सवयीनं श्वास पाहत बसले होते. तिथल्या एका वृद्ध साधूंनी तिसऱ्या दिवशी मोडक्या हिंदीत म्हटलं, "तुम्ही बसता छान, पण बोलत कुणाशीच नाही." माझी सगळी गफलत त्या एका वाक्यात होती. विपश्यनेतलं मौन पाहण्यासाठी असतं. तिथे ऐकणारं कुणी नसतं आणि असावं अशी अपेक्षाही नसते. मठातलं मौन कुणासमोर तरी धरलेलं असतं. बोलणं थांबतं ते समोरच्याचं ऐकू यावं म्हणून.

म्हणून माझं मत असं झालं, की आपल्याकडे या ख्रिस्ती साधनेचं सख्खं भावंड शोधायचं तर ते विपश्यनेत नाही, नामस्मरणात सापडेल. कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती होण्याआधी काही काळ आपल्या नागपुरातच, बुटी या श्रीमंत घराण्याच्या आश्रयाला होते. १८९५ ला बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी येशूवर अभंगच रचले. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. काकू रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात. परत आल्यावर त्यांना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मंग हरिपाठालेच गेलती म्हण ना." इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

अर्थात इथेही एक बारकावा आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्पेन्सरच्या मठात टॉमस कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी पद्धत बसवली, ती आज अनेक रिट्रीटमध्ये शिकवतात. एक पवित्र शब्द निवडायचा, वीस मिनिटं बसायचं. हा शब्द जपासारखा सतत म्हणायचा नसतो. विचारात वाहून गेल्याचं लक्षात आलं, की हळुवार त्या शब्दाकडे परतायचं, एवढंच. बाहेरून पाहणाऱ्याला ते हुबेहूब विपश्यनेसारखं दिसेल: ताठ पाठ, मिटलेले डोळे. पण आत तो शब्द म्हणजे 'मी तुझ्या हवाली आहे' अशी संमती असते.

निसर्गाचंही तसंच. विपश्यनेला झाडं हवीत ती शांततेसाठी. डोळे तर मिटलेलेच, आणि फिरायचं ते आखून दिलेल्या आवारात. मठात डोंगर हा प्रार्थनेचा भाग आहे. येशू माणसांच्या गर्दीतून निघून एकांतात प्रार्थनेला जात असे, असं बायबलमध्ये लूक सांगतो. स्तोत्रांत आकाश, डोंगर, पाखरं सारखी येतात. वागमोनच्या गवताळ टेकड्यांवर धुकं उतरताना फिरणं ही तिथे सुट्टी मानली जात नाही. तमिळनाडूतल्या शांतिवनम या ख्रिस्ती आश्रमात तर सूर्योदय-सूर्यास्ताला कावेरीकाठीच ध्यानाला बसतात.

कुणी कुठे जावं? मनाची चाल शिकायची आहे, कुठल्याही देवाशी बांधून घ्यायचं नाही, शिस्त झेपते, अशांनी बेलाशक माहुरझरी. फी नसते, दानही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात. अर्जात प्रकृतीबद्दल विचारतात, तिथे मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर लपवू नका. देवाशी नातं आहे पण ते सुकलंय असं वाटतं, किंवा घरात कुणी गेलंय आणि कुणाशी तरी बोलायचंय, तर मठ बरा. तिथे वेळ मागितली की एखादे साधू निवांत ऐकून घेतात. मात्र पाहुण्यांसाठी खोल्या मोजक्या असतात, आधी कळवूनच जायचं, आणि निघताना यथाशक्ती अर्पण ठेवायचं.

नागपूरहून केरला एक्स्प्रेसनं कोट्टायम, पुढे रस्त्यानं वागमोन. वर हवा गार असते, शाल न्या. आणि मराठी स्तोत्रसंहिता न विसरता घ्या. त्यांची भाषा कळली नाही, तरी शेजारच्याला स्तोत्राचा क्रमांक विचारून आपलं आपल्याला वाचता येतं.